वीज, धूळ आणि मदरबोर्ड

इचलकरंजीत स्वतःचा डेस्कटॉप जोडायचा असेल तर सुरुवात प्रोसेसरपासून करू नये, भिंतीतल्या प्लगपासून करावी. या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ आणि पुस्तकं प्रोसेसरच्या नावानं सुरू होतात. सांगणाऱ्याच्या घरातलं अर्थिंग नीट असतं, वीज स्थिर असते आणि हवेत सुताचे तंतू तरंगत नसतात, त्यामुळे या तीन गोष्टी त्याच्या ध्यानातच येत नाहीत. ज्या गावात खाली माग आणि वर घर अशी बिऱ्हाडं आहेत, तिथे कॉम्प्युटरचं आयुष्य याच तीन गोष्टींवर ठरतं. प्रोसेसर कुठल्या पिढीचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी अर्थिंग. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला अनवाणी उभं राहून हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यावर ‘पायात चप्पल घालून बसा’ हा उपायही घरोघरी सांगतात. कॉम्प्युटरमध्ये बिघाड नसतानाही असं होतं. पॉवर सप्लायच्या तोंडाशी दोन लहान कपॅसिटर असतात, एक फेज आणि पत्रा यांच्यामध्ये, दुसरा न्यूट्रल आणि पत्रा यांच्यामध्ये. विजेतली खरखर गाळून ती अर्थिंगच्या तारेतून जमिनीत सोडायची, एवढंच त्यांचं काम. पण ती तार बोर्डामागे तुटलेली असली किंवा मुळात ओढलेलीच नसली, तर पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळतो. २३० व्होल्टच्या निम्म्यावर म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर. करंट इतका थोडा की माणूस दगावत नाही, झिणझिण्यांवर भागतं. मात्र त्याच पत्र्याला यूएसबी पोर्ट जोडलेलं असतं, पोर्टाला प्रिंटर, आणि प्रिंटर दुसऱ्या खोलीतल्या दुसऱ्या प्लगवर. मग ‘पोर्ट आपोआप जळालं’ असं आपण म्हणतो.

तपासणी वायरमनकडूनच करून घ्यावी. मीटर लावला की फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. मीटर कधी फसवतो, म्हणून जुने वायरमन फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून बघतात. तो लख्ख पेटला तर अर्थिंग भार घेतंय, मिणमिणला तर नावापुरतं आहे. घरात ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावताच तो पडेल, आणि त्यानं पडायलाच हवं.

मग विजेचा चढउतार. प्रत्येक मागाला स्वतःची मोटर असते. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. कारखान्यात पाळी बदलली आणि एकामागून एक माग सुरू झाले की त्याच लाइनवरच्या घरातला दिवा डोळा मिचकावतो. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला असा झटका किती वेळ सोसता यावा, याचं माप ठरलेलं आहे: वीज पूर्ण गेली तरी साधारण १६-१७ मिलिसेकंद त्यानं आतल्या कपॅसिटरच्या जिवावर तग धरावा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा. म्हणजे हे माप पाळणारा पॉवर सप्लायसुद्धा विजेचा एक पुरता फेरा चुकला तर हमी देत नाही. स्वस्तातला तर त्याच्याही आधी मान टाकतो.

स्वस्त कॅबिनेटबरोबर ‘४५० वॉट’ असं छापलेला पॉवर सप्लाय फुकट मिळतो. त्या आकड्याकडे न बघता बाजूच्या लेबलावरची १२ व्होल्टची ओळ वाचावी. तिथे समजा १४ अँपिअर लिहिलेले असतील तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची भूक भागते ती बव्हंशी याच ओळीतून. बाकीचे वॉट कागदावरचे. हिशेब लिहिण्याच्या कॉम्प्युटरला शंभर-दीडशे वॉट पुरतात, मध्यम ग्राफिक्स कार्ड असेल तर तीनशे-चारशे. तेव्हा खरोखरच्या ४५० ते ५५० वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचा पॉवर सप्लाय बहुतेकांना पुरून उरतो. पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नये. माझं हे मत अनेकांना उलटं वाटतं. पण प्रोसेसर हळू असला तर काम उशिरा होतं, पॉवर सप्लाय भिकार असला तर जाताना तो मदरबोर्डलाही बरोबर नेतो.

यूपीएस तर हवाच. त्यावरचा ‘६०० व्हीए’ हा आकडा वॉटमध्ये बहुधा ३६० भरतो, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. आणखी एक पेच असा की साध्या यूपीएसमधून निघणारी वीज पायऱ्यापायऱ्यांची असते, महावितरणच्या विजेसारखी गोलाईची नसते. चांगल्या पॉवर सप्लायमधलं पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट काही वेळा त्या पायऱ्यांना अडखळतं आणि वीज गेल्याबरोबर यूपीएस असूनही कॉम्प्युटर बंद पडतो. दोन्ही वस्तू चांगल्या, पण जोडी जमत नाही. यूपीएस घेताना आपला कॉम्प्युटर दुकानात नेऊन, तो चालू असताना यूपीएसचा प्लग काढून बघणं हा सगळ्यात बिनचूक मार्ग.

धुळीकडे पुढे येऊ. आता जोडणीचा मूळ प्रश्न: तैवानचा मदरबोर्ड, कोरियाची रॅम आणि अमेरिकन कंपनीचा प्रोसेसर हे तिघं इचलकरंजीतल्या टेबलावर पहिल्यांदा भेटतात आणि एकमेकांत चपखल बसतात, हे कसं काय? एखाद्या मोबाइलचा सुटा भाग दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलला कधी लागल्याचं कुणी पाहिलंय?

याचं उत्तर १२ ऑगस्ट १९८१ या तारखेत आहे. त्या दिवशी आयबीएमनं आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. आयबीएम म्हणजे स्वतःचा स्क्रूसुद्धा स्वतः पाडणारी कंपनी. पण या खेपेला घाई होती. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या लहानशा तुकडीला वर्षभरात यंत्र उभं करायचं होतं. मग त्यांनी बाजारात मिळतील तेच भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. इतकंच नव्हे, दुसऱ्या कंपन्यांनीही याला जोडायची कार्डं बनवावीत म्हणून सर्किटच्या आकृत्या पुस्तकात छापून विकल्या. राखून ठेवलं ते फक्त बायोस, यंत्र चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम. तोही पुस्तकात छापलेला होता, पण कॉपीराइटखाली.

ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीनं ते कुलूप कायद्याला धक्का न लावता उघडलं. एका गटानं आयबीएमचा बायोस वाचला आणि तो काय-काय करतो एवढंच लिहून काढलं. ज्यांनी तो कधी बघितलाच नव्हता अशा दुसऱ्या गटानं त्या टिपणावरून नवा बायोस लिहिला. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकचं यंत्र जाहीर झालं. पाठोपाठ फिनिक्स कंपनीनं असाच बायोस कुणालाही विकायला काढला आणि तैवानच्या कारखान्यांना रान मोकळं झालं. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स हे माप ठरवलं: मदरबोर्डाची भोकं कुठे, मागची पट्टी कुठे, विजेचा जोड कसा. तीस वर्षांपूर्वीचं ते माप आजही चालतं. आज घेतलेला एटीएक्स मदरबोर्ड त्या काळच्या कॅबिनेटमध्ये स्क्रूला स्क्रू बसतो. तंत्रज्ञानाच्या दुनियेत इतकी टिकाऊ गोष्ट क्वचित सापडते.

भारतात १९८४ च्या संगणक धोरणानं सुट्या भागांची वाट सैल केली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘असेम्बल्ड’ हा शब्द पुढे इतका रुळला की ब्रँडेड कॉम्प्युटर घेणारा उधळ्या ठरू लागला. पुण्यात याच रीतीचा फार मोठा प्रयोग झाला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर शेकड्यानं जोडण्याच्या कल्पनेवर. प्रोसेसर तयार घेतले, जोडणीची अक्कल घरची.

खुद्द इचलकरंजीला परक्या यंत्राचं अप्रूप फार काळ राहत नाही. नारायणराव घोरपडे यांच्या जहागिरीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इथला पहिला यंत्रमाग सुरू केला. त्यानंतर मागाचे सुटे भाग करणारी वर्कशॉपं, फाउंड्र्या आणि ‘फाय’सारखा तपासणी-यंत्रं बनवणारा उद्योग याच गावात उभा राहिला. डॉबीच्या लाकडी पट्ट्यांवर खुंटी आहे की नाही यावरून कुठली वही (ताण्याचे धागे उचलणारी चौकट) उचलायची हे ठरतं, आणि त्यावरून किनारीची नक्षी. कॉम्प्युटरच्या शून्य-एकाशी त्याचं नातं लावून भाषणं ठोकण्याची हल्ली फॅशन आहे. ते नातं खरं आहे, पण मदरबोर्ड बसवताना त्याचा उपयोग शून्य. उपयोगाची आहे ती माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरची नजर. तिच्याकडे पुढे येऊ.

भागांची निवड थोडक्यात. पहिला नियम सॉकेटचा. एएमडीचा एएम५ प्रोसेसर एएम४ च्या बोर्डात बसत नाही, इंटेलचंही तसंच. रॅम डीडीआर४ असो की डीडीआर५, दोन्हींना टोकं २८८च, पण मधली खाच निराळ्या जागी असते. जोर लावून ‘बसवलेली’ रॅम स्लॉट फोडते. तिसरी गोष्ट एका अक्षराची. इंटेलच्या आय३-१२१००एफ यासारख्या नावातला शेवटचा ‘एफ’ म्हणजे यात ग्राफिक्स नाही. चार पैसे वाचले म्हणून तो घ्यायचा, वेगळं कार्ड घ्यायचं नाही, आणि मग पडदा काळाच राहतो म्हणून मॉनिटर बदलायला दुकानात जायचं, असे लोक बरेच. प्रोसेसर डबाबंद घ्यावा, त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुट्या ‘ट्रे’ प्रोसेसरची जबाबदारी विक्रेत्यापुरती. आणि बिल पक्कंच घ्यावं. १८ टक्के जीएसटी जड वाटतो खरा, पण कच्च्या बिलावर वॉरंटी मागायला गेलं की दुकानदाराची स्मरणशक्ती अचानक कमी होते.

जोडणी कॅबिनेटमध्ये करायचीच नाही, निदान पहिल्यांदा तरी. मदरबोर्ड ज्या खोक्यातून आला त्या पुठ्ठ्यावरच तो ठेवावा. पॉवर सप्लाय प्लगला लावून बटण बंद ठेवावं आणि त्याच्या पत्र्याला अधूनमधून हात लावत राहावं, म्हणजे अंगावरची स्थिर वीज जमिनीत जाते. ही युक्ती सगळीकडे सांगतात, पण ती अर्थिंग चांगलं असेल तरच चालते. पॉलिएस्टर सूत हाताळून आलेल्या माणसानं तर हात लावल्याखेरीज रॅमला शिवूच नये.

प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि प्रोसेसर ठेवायचा. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. नव्या सॉकेटमध्ये केसाएवढ्या बारीक पिना बोर्डावरच असतात. एक वाकली तर वॉरंटी संपली. तरफ खाली ओढताना करकर आवाज होतो आणि छातीत धस्स होतं, पण तेवढा जोर लागतोच. मग थर्मल पेस्ट, मधोमध वाटाण्याएवढी. कूलरच्या तळाशी ‘काढून टाका’ असं लिहिलेली पारदर्शक फिल्म असू शकते, ती काढावी. ती तशीच राहिलेला कूलर पंखा फिरवत राहतो आणि प्रोसेसर तापत राहतो. स्क्रू आलटूनपालटून, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, थोडेथोडे आवळावेत.

रॅमच्या दोन पट्ट्या चार स्लॉटांत लावायच्या तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. जाड २४ पिनांची केबल सगळे लावतात. प्रोसेसरची आठ पिनांची केबल मात्र हमखास राहते, कारण तिची जागा वरच्या कोपऱ्यात, नजरेआड असते. आता बोर्डाच्या कडेला ‘पीडब्ल्यूआर’ लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. बटण म्हणजे दुसरं काही नाही, या दोन पिनांची गाठभेट.

पंखा फिरतो, पडदा काळाच. नव्या डीडीआर५ बोर्डावर इथेच नवशिके घाबरतात. पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमशी किती वेगानं बोलता येईल हे चाचपून बघतो. त्यात काही मिनिटंही जातात आणि तोवर पडद्यावर काहीच दिसत नाही. त्या काळात दोन-तीनदा वीज बंद-चालू करणारा माणूस तो तपास पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. चहा घेऊन यावं. तरीही काही नसेल तर बोर्डाच्या कडेचे चार छोटे दिवे बघावेत: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो पेटून राहिलाय, त्याच्यापाशी गाडी अडलीय.

सगळं ठीक झालं की मग कॅबिनेट. मागची पट्टी आधी, बोर्ड नंतर. पितळी खुंट्या बोर्डाच्या भोकांखालीच हव्यात. एखादी फाजील राहिली तर ती बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करते.

कॅबिनेट कुठलं घ्यावं, याचं उत्तर मात्र इचलकरंजीचं वेगळं आहे. समोर काच असलेली, आत रंगीत दिवे लावलेली कॅबिनेटं इथे बिनकामाची, कारण त्यांना हवा घ्यायला फटी कुठून कुठून असतात आणि त्या सगळ्यांवर जाळी बसवता येत नाही. सुताची धूळ साध्या धुळीसारखी वागत नाही. रस्त्यावरची धूळ कण-कण असते, थोडी बसते, थोडी उडून जाते. सुताचे तंतू लांब असतात. ते कूलरच्या दोन पात्यांवर आडवे पडतात, त्यांच्यावर दुसरे अडकतात, मधल्या जागेत बारीक धूळ भरते. त्यात सायझिंगची खळ असते. मागावर सूत घासलं की सुकलेली खळ पिठासारखी झडते. पावसाळ्यात पंचगंगेकाठच्या दमट हवेत ती ओल धरते आणि चिकटते. सहा महिन्यांनी कूलरवरचा पंखा सोडवून बघितलं तर खाली पांढुरक्या नमद्याचा गोल तुकडा मिळतो, चिमटीत धरून अख्खा उचलता येईल असा. हा काही गमतीचा नमुना नाही. आपल्याच गावातल्या सुताचं कापड तिथे विणलं गेलेलं असतं, आणि त्याखाली प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचून स्वतःचा वेग कमी करत असतो. ‘कॉम्प्युटर जुना झाला, स्लो झाला’ म्हणून जे यंत्र विकायला काढतात, त्यातलं कितीतरी नुसतं गुदमरलेलं असतं.

उपाय हवेच्या दाबाचा आहे. पुढून हवा आत घेणारे दोन पंखे लावावेत आणि त्यांच्यावर काढता येणारी जाळी. मागून बाहेर टाकणारा एकच. आत येणारी हवा जास्त आणि बाहेर जाणारी कमी असली की कॅबिनेटमध्ये किंचित दाब राहतो. मग फटींतून हवा आत शिरत नाही, बाहेर पडते. सगळे तंतू जाळीवरच अडकतात आणि जाळी दर पंधरवड्याला हातानं पुसता येते. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये, जड धूळ तिथेच लोळत असते. आणि मागाच्या खोलीतच ऑफिस असेल तर दाराला खाली पट्टी लावणं कुठल्याही महागड्या पंख्यापेक्षा स्वस्त पडतं.

साफसफाईला कारखान्यातला कॉम्प्रेसर वापरण्याचा मोह इथे सगळ्यांना होतो, विशेषतः एअरजेट मागांच्या कारखान्यांत, जिथे हवा चोवीस तास तयार असते. एअरजेटच्या लाइनला ड्रायर असतो, तिथली हवा कोरडी. साध्या कॉम्प्रेसरच्या टाकीत मात्र पाणी साठतं आणि नळीतून तेलाचा अंशही येतो. बोर्डावर तो फवारा गेला तर धूळ बरी होती म्हणायची पाळी. हाताचा ब्लोअर वापरावा आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं. मोकळा सोडलेला पंखा भलत्या वेगानं फिरून बेअरिंग घालवतो, शिवाय उलट वीज तयार करून ती बोर्डात ढकलू शकतो.

हे सगळं शिकायचं कुठे? २००१ पासून एमएस-सीआयटीनं महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोकांना कॉम्प्युटर वापरायला शिकवलं, पण त्यात कॅबिनेट उघडायचं नसतं. आयटीआयमध्ये हार्डवेअरचे अभ्यासक्रम आहेत. राजवाड्यातल्या डीकेटीईत १९८२ पासून वस्त्रोद्योगाचं आणि पुढे कॉम्प्युटरचंही अभियांत्रिकी शिक्षण मिळतं. पण बिघाड शोधण्याची कला या गावाला आधीच येते. बंद पडलेल्या मागापाशी जॉबर आला की तो पुस्तक काढत नाही. आवाज ऐकतो, धोटा कुठे अडला ते बघतो, ज्यावर संशय आहे तो एकच भाग बदलतो आणि माग चालवून बघतो. दोन भाग एकदम बदलत नाही, कारण मग दोष कशात होता ते कधीच कळत नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीत नेमकी हीच शिस्त लागते आणि तीच मोडली जाते. पडदा काळा दिसला की रॅम काढून खोडरबरानं घासायची, त्याच दमात बायोस रीसेट करायचा, केबल बदलायची, आणि चालू झाल्यावर ‘रॅमचाच प्रॉब्लेम होता’ असं सांगायचं. कशावरून?

पैशाचं खरं सांगायचं तर केवळ हिशेब आणि ईमेलसाठी कॉम्प्युटर जोडण्यात आज फारशी बचत नाही. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली रिफर्बिश्ड यंत्रं त्याहून स्वस्त मिळतात आणि दणकट असतात. कापडाच्या डिझाइनचं काम, व्हिडिओ किंवा गेम यांसाठी जोडणी परवडते. पण जोडायला शिकलेल्याचा फायदा बिघाडाच्या दिवशी दिसतो, आणि त्यासाठी घरात तीन वस्तू असाव्यात: नीट चालतो हे माहीत असलेला एक जुना पॉवर सप्लाय, आपल्या बोर्डाला चालणारी रॅमची एक पट्टी, आणि बोर्डाला लावायचा बीप वाजवणारा छोटा स्पीकर. नवा भाग घेतला की जुना भंगारात घालायच्या आधी तो या खोक्यात जाण्यासारखा आहे का ते बघावं आणि त्यावर तारखेची चिठ्ठी डकवावी.